सिनेमावाल्यांच्या चर्चेला सिनेमा बघणाऱ्यानं कसं जावं

फेस्टिव्हलचं वेळापत्रक हातात आलं की आपण सगळे पेन घेऊन आधी सिनेमांवर खुणा करायला बसतो. माझं सांगणं आहे, आधी चर्चासत्रांवर खुणा करा. चुकलेला सिनेमा पुन्हा लागू शकतो, पुढं ओटीटीवर येऊ शकतो, एखाद्या फिल्म सोसायटीत दिसू शकतो. पण एक संकलक, एक वितरक, एक निर्माती आणि फेस्टिव्हलसाठी सिनेमे निवडणारा एक प्रोग्रॅमर एका टेबलामागं बसून एकमेकांचं बोलणं खोडतायत, हे फक्त त्या एका तासात आणि त्या एका खोलीत घडतं.

मी सांगलीत औषधांचं दुकान चालवते. सिनेमाच्या धंद्यात माझा कुणी नातेवाईक नाही, मला सिनेमा काढायचा नाही, लिहायचाही नाही. मला सिनेमा बघायला आवडतो, एवढंच. नोव्हेंबरात गोव्याला इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, आणि जानेवारीत पुण्याला पिफ, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, हे माझे ठरलेले दिवस. जाऊबाईही फार्मासिस्ट आहेत, त्या तेवढे दिवस काउंटर सांभाळतात. मी हळूहळू सिनेमे कमी करून चर्चांना जास्त बसायला लागले, तेव्हा बरोबरच्या मैत्रिणी विचारायच्या, अगं ते सगळं धंद्यातल्या लोकांसाठी असतं, तुला तिथं काय मिळतं? हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. या चर्चांमध्ये सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द म्हणजे ‘ऑडियन्स’. ऑडियन्सला काय हवं, ऑडियन्स कुठं गेला, ऑडियन्स मराठी सिनेमाला का येत नाही. आणि ज्याच्याविषयी बोलणं चाललंय तो माणूस सभागृहात बहुधा नसतोच. तो तिथं असायला हवा आणि तयारीनं असायला हवा.

कुठल्या दारातून आत जाता येतं

फेस्टिव्हलमधलं प्रत्येक सत्र प्रत्येकासाठी खुलं नसतं, हे आधी समजून घ्या. इफ्फीचं उदाहरण घेते, कारण ते आपल्याला सगळ्यात जवळचं. १९५२ मध्ये मुंबईत सुरू झालेला हा महोत्सव २००४ पासून गोव्यात भरतो. सिनेरसिक म्हणून डेलिगेटची, म्हणजे महोत्सवाच्या प्रतिनिधीची, नोंदणी करता येते, धंद्यातल्या लोकांची नोंदणी वेगळ्या वर्गात होते, विद्यार्थ्यांची आणखी वेगळी. सिनेरसिकाच्या बॅजवर मास्टरक्लास, ‘इन कन्व्हर्सेशन’ म्हणजे मुलाखत आणि महोत्सवातल्या चर्चा यांना जाता येतं. सिनेमांसारखीच त्यांचीही जागा आधी ऑनलाइन धरून ठेवावी लागते.

फिल्म बाझार मात्र वेगळा. एनएफडीसीनं, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळानं, २००७ मध्ये सुरू केलेला हा खरोखरचा बाजार आहे. इथं अर्धवट संकलित सिनेमे जाणकारांना दाखवून सल्ला घेतला जातो, पटकथांना निर्माते शोधले जातात, परदेशी फेस्टिव्हलांचे लोक व्ह्यूइंग रूममध्ये कानाला हेडफोन लावून एकामागून एक सिनेमे बघत बसतात. ‘द लंचबॉक्स’, ‘कोर्ट’, ‘तिथी’ हे सिनेमे आपल्यापर्यंत येण्याआधी या बाजारातल्या कुठल्या ना कुठल्या उपक्रमातून गेलेले आहेत. बाजारात ‘नॉलेज सीरिज’ नावाची व्याख्यानं आणि पॅनेलं होतात, आणि धंद्याची सगळ्यात कसदार चर्चा तिथंच होते. पण त्याची नोंदणी वेगळी, पैसे वेगळे आणि बरेच जास्त. इफ्फीचा साधा बॅज तिथं चालत नाही. प्रवेशद्वारावर उभं राहून ‘नुसतं ऐकते हो’ म्हणून गळ घालण्यात अर्थ नाही, त्या रखवालदाराच्या हातात काही नसतं.

पहिल्या वर्षी बाजाराचे पैसे भरू नका. डेलिगेट बॅजवर जेवढं मिळतं तेवढंच नीट पचवायला एक वर्ष लागतं. त्यानंतरही भूक राहिली, आणि वितरण किंवा सहनिर्मिती हा विषय मनापासून कळून घ्यावासा वाटला, तर लवकर नोंदणी केली की सवलत असते ती बघून ठरवा.

अगदी सुरुवात करायची असेल तर मी पुण्याचा पिफ सुचवेन. २००२ मध्ये सुरू झालेला, डॉ. जब्बार पटेल ज्याचे संचालक आहेत तो महोत्सव. दरवर्षी विजय तेंडुलकर स्मृती व्याख्यान होतं, आणि पिफ फोरममध्ये दिग्दर्शक, लेखक, तंत्रज्ञ यांच्या गप्पा होतात. बोलणं मराठी-हिंदी-इंग्रजी असं मिसळून चालतं, माणसं हाताच्या अंतरावर असतात. माहितीपटांची आवड असेल तर मुंबईचा मिफ, म्हणजे माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनचा महोत्सव. तो १९९० पासून, दर दोन वर्षांनी होतो. तिथल्या ओपन फोरममध्ये, म्हणजे खुल्या चर्चेत, जी मोकळी भांडणं मी ऐकली आहेत तशी गुळगुळीत मंचावर ऐकायला मिळत नाहीत. कुठल्याही महोत्सवात ‘ओपन फोरम’ असा शब्द दिसला की त्यावर खूण करा. नट-नट्या तिथं क्वचित येतात, म्हणूनच बोलणं चांगलं होतं.

कुठलं सत्र निवडायचं

माझा पहिला नियम: नाव बघून जाऊ नका, विषय आणि माणसांची जोडणी बघा. मोठ्या ताऱ्याच्या मुलाखतीला दोन तास आधी रांग लागते, सभागृह भरतं, आणि जे ऐकायला मिळतं ते बहुतेक आधी कुठंतरी छापून आलेलं असतं. त्यात त्या कलाकाराचा दोष नाही, हजार माणसांसमोर कुणीही जपूनच बोलणार. मला ते सत्र नकोच असं नाही. मुलाखत घेणारा स्वतः दिग्दर्शक किंवा अभ्यासू समीक्षक असेल तर मीही रांगेत उभी राहते. निवेदक प्रश्न विचारणार असेल तर नाही.

त्याउलट दुपारी अडीचला, जेवणानंतरच्या सुस्तीत, अर्ध्या रिकाम्या खोलीत ध्वनिसंयोजकांचं पॅनेल असतं. तिथं जा. छायालेखक, संकलक, चित्रीकरणाचा रोजचा खर्च सांभाळणारे लाइन प्रोड्यूसर, नट निवडणारे कास्टिंग डायरेक्टर, सबटायटल करणारे, वितरक, फेस्टिव्हलसाठी सिनेमे निवडणारे. या लोकांना कुणी फारसं विचारत नाही, त्यामुळं विचारलं की ते भरभरून बोलतात. पॅनेलवर पाच जण एकाच बाजूचे असतील, म्हणजे पाचही निर्माते किंवा पाचही ओटीटीवाले, तर ते सत्र सोडा. सगळे एकमेकांना दुजोरा देत बसतात. एक पैसे लावणारा, एक सिनेमा करणारा आणि एक सिनेमा विकणारा अशी तिघांची जोडणी दिसली की वही उघडून बसा.

जुन्या सिनेमांच्या जतनावरचं सत्र मी कधीच चुकवत नाही, आणि मराठी माणसानं तर ते चुकवूच नये. आपला बोलपटाचा पहिला काळ नायट्रेट फिल्मवर होता, आणि नायट्रेट पेट घेतं. २००३ च्या जानेवारीत पुण्यात फिल्म संग्रहालयाच्या नायट्रेट साठ्याला आग लागली, त्यात जुन्या फिल्मांचा मोठा साठा गेला. नंतरच्या ॲसिटेट फिल्मचं दुखणं वेगळं. ती ओल आणि उष्णतेत कुजायला लागते आणि तिच्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं. डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो. माझ्या पेशामुळं हे मला लगेच कळलं, पण वासावरून फिल्मचं आयुष्य ओळखणारी माणसं असतात हे मला एका चर्चेतच समजलं. मूळ निगेटिव्ह नसेल तर कशावरून प्रत बनवतात, ओरखडा पुसताना पडद्यावरचा पाऊसच पुसला जाऊ नये म्हणून काय करतात, रंग मूळचा कसा होता हे कुणाला विचारतात. हे ऐकून आल्यावर त्याच महोत्सवात जुन्या सिनेमाची दुरुस्त केलेली प्रत बघा. महोत्सवांत असा विभाग हल्ली असतो. सकाळी चर्चा आणि संध्याकाळी तो सिनेमा, ही जोडी जमवता आली तर त्या दिवशी दुसरं काही बघायचं राहिलं तरी चालेल.

जाण्याआधी एवढं तरी माहीत हवं

धंद्याच्या चर्चेत बोलणाऱ्यांना वाटतं, समोर सगळे धंद्यातलेच आहेत. ते थांबून अर्थ सांगत नाहीत. पन्नास शब्द पाठ करायची गरज नाही, पण पैशाचा रस्ता एकदा समजून घेतला की निम्मी चर्चा उलगडते. म्हणून हा भाग जरा सावकाश सांगते.

समजा, तिकीट २३६ रुपयांचं आहे. १०० रुपयांवरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ३६ रुपये सरकारचे, उरले २००. वर्तमानपत्रात ‘अमुक कोटींचा गल्ला’ असं येतं तेव्हा ते २३६ धरून सांगितलंय की २०० धरून, हा पहिला प्रश्न. २३६ धरलं तर ग्रॉस, २०० धरलं तर नेट. आता या २०० मधले थिएटरचे किती? २००९ साली एप्रिल ते जून हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात याच्यावरून बेबनाव झाला होता, मोठे नवे सिनेमे मल्टिप्लेक्सला लागतच नव्हते. शेवटी तडजोड झाली ती अशी: वितरकाकडं पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढं ३०. हे आकडे चर्चांमध्ये आजही पायाभूत म्हणून येतात, प्रत्यक्ष करार सिनेमागणिक बदलतात. म्हणजे तुमच्या २३६ मधले पहिल्या आठवड्यात फार तर १०० वितरकाकडं गेले. त्यातून त्याचं कमिशन, जाहिरातीचा खर्च, आणि डिजिटल प्रक्षेपण पुरवणाऱ्या कंपन्या दर पडद्यामागं घेतात ती फी. मग जे उरेल ते निर्मात्याचं. निर्माता ‘शेअर’ म्हणतो तेव्हा तो या वाटणीनंतरच्या आकड्याविषयी बोलतोय, गल्ल्याविषयी नाही.

हे गणित वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ‘सिनेमा दहा कोटी करून गेला तरी आम्ही नुकसानीत’ असं मंचावरून कुणी म्हणालं, तर तो रडगाणं गातोय की खरं बोलतोय हे तुम्हाला जागेवरच कळेल.

आणखी काही शब्द. डीसीपी म्हणजे थिएटरला जाणारी सिनेमाची डिजिटल प्रत. केडीएम म्हणजे त्या प्रतीची किल्ली. ती ठरलेल्या सर्व्हरवर, ठरलेल्या मुदतीतच चालते. महोत्सवात एखादा खेळ उशिरा सुरू होतो तेव्हा पुष्कळदा ही किल्ली चाललेली नसते. एमजी म्हणजे मिनिमम गॅरंटी, सिनेमा चालो न चालो वितरकानं आगाऊ मोजलेले पैसे. सेल्स एजंट हा सिनेमा परदेशांत विकणारा दलाल. वर्ल्ड प्रीमिअर म्हणजे जगात पहिल्यांदा दाखवणं, आणि मोठे महोत्सव त्यासाठी हटून बसतात. म्हणूनच तुमच्या आवडत्या दिग्दर्शकाचा तयार सिनेमा कधीकधी वर्षभर कुठंच दिसत नाही. एवढ्यावर सुरुवात होते, बाकीचं कानावर पडून येतं.

पॅनेलवर कोण आहे हे कळल्यावर प्रत्येकाचं एक काम बघून जा. चौघांचे चार सिनेमे बघणं जमत नसेल तर एक सिनेमा आणि बाकीच्यांची श्रेयनामावली. संकलकाची यादी बघताना तो कुठल्या दिग्दर्शकाकडं पुन्हा पुन्हा गेलाय ते बघा. तिथंच तुमचा प्रश्न सापडतो.

प्रत्यक्ष त्या दिवशी

सांगली-मिरजेकडून जाणाऱ्यांसाठी: मिरजेहून गोवा एक्स्प्रेस लोंढ्यावरून मडगावला उतरवते, आणि रात्रीच्या बसेस आहेत. कोकण रेल्वेनं येणाऱ्यांना पणजीसाठी करमळी किंवा थिवी जवळ. नोव्हेंबरात पणजीत खोल्या महागतात, पर्वरी किंवा म्हापशाला राहिलं तर परवडतं. मात्र शेवटचं सत्र संपल्यावर बस विरळ होतात, एकटी बाई असाल तर परतीचं वाहन आधी ठरवून ठेवा. मी पणजीतच राहते आणि ते पैसे दुसरीकडं वाचवते.

इफ्फीचं केंद्र म्हणजे जुन्या गोवा मेडिकल कॉलेजची इमारत, तिच्या आवारात आयनॉक्स आणि मॅकिनेझ पॅलेस. तिथून मांडवीच्या कडेनं कांपालातून चालत गेलं की दहा-पंधरा मिनिटांवर कला अकादमी. चार्ल्स कोरियांनी आखलेली ही वास्तू आहे, आणि तिच्या मोठ्या सभागृहाला दीनानाथ मंगेशकरांचं नाव आहे. फिल्म बाझार जिथं अनेक वर्षं भरला ते हॉटेल आणखी पुढं, मिरामारला. कागदावर ही अंतरं किरकोळ दिसतात. पण सुरक्षा तपासणी, रांग आणि ऊन धरलं तर दोन सत्रांमध्ये निदान पाऊण तास ठेवा. फार घाई झाली तर पायलट करा, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी. ते गर्दीतून झटकन पोचवतात.

दिवसाला दोन चर्चा आणि दोन सिनेमे, याहून जास्त लावू नका. तिसऱ्या चर्चेला कान बंद होतात. सकाळी पोटभर पातळभाजी-पाव खाऊन निघा, कारण आत खायला देत नाहीत आणि दुपारचं जेवण रांगेत हुकतं. पाण्याची बाटली काही ठिकाणी दारावर काढून घेतात, त्यामुळं महागातली नेऊ नका. एसी कडक असतो, शाल असू द्या.

पहिल्या दोन रांगा राखीव असतात. तिसऱ्या-चौथ्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेची खुर्ची धरा. प्रश्नांच्या वेळी माइक घेऊन स्वयंसेवक याच वाटेनं फिरतात, आणि मधोमध बसलेल्यापर्यंत तो पोचत नाही. स्वयंसेवक बहुतेक कॉलेजची मुलं असतात, दिवसभर लोकांची बोलणी खात असतात. सुरुवातीलाच त्यांच्याशी हसून दोन शब्द बोला, नाव विचारा. हात वर केलेला दिसण्याची शक्यता वाढते, आणि नाही वाढली तरी त्या पोरांचा दिवस जरा बरा जातो.

मोबाइलवर रेकॉर्ड करू नका. अनेक सत्रं नंतर यूट्यूबवर येतात, आणि वर धरलेला फोन मागच्या माणसाच्या डोळ्यांत जातो. वहीत लिहा. मी पानाच्या डावीकडं बोललेलं लिहिते आणि उजवीकडं फक्त नावं: सिनेमांची, माणसांची, कंपन्यांची. घरी आल्यावर उजवी बाजू हीच पुढच्या सहा महिन्यांची बघण्याची यादी होते. बोलणारा चौकटीबाहेर जाऊन एखाद्या सहकाऱ्याविषयी बोलला, एखाद्या सिनेमात काय बिनसलं ते सांगितलं, तर ते खोलीतच ठेवा. कुठंही टाकू नका. छोट्या खोलीत लोक मोकळे होतात ते या भरवशावरच.

प्रश्न विचारणं

सत्राची शेवटची दहा-पंधरा मिनिटं प्रश्नांना असतात, आणि बहुतेक वेळा ती वाया जातात. पहिला हात वर करणारा आपलं आत्मचरित्र सांगतो. दुसऱ्याला पटकथा ऐकवायची असते. तिसरा ‘नव्या पिढीला काय संदेश द्याल’ विचारतो. हे बघून सिनेरसिक मागं सरतो आणि गप्प बसतो. गप्प बसू नका. तुमच्याकडं जो प्रश्न आहे तो त्या खोलीत दुसऱ्या कुणाकडं नाही, कारण तुम्ही तिकीट काढून, पाऊस असला तरी, शो रद्द होईल की काय या धास्तीत थिएटरला गेलेल्या आहात.

प्रश्न आधी लिहा. एका श्वासात वाचून होईल एवढाच. आपलं नाव, गाव आणि ‘मी प्रेक्षक आहे’ एवढं सांगून थेट विचारा. कौतुकाचं एकच वाक्य, तेही एखाद्या ठरावीक दृश्याविषयी. इंग्रजी येत नसेल तर मराठीत किंवा हिंदीत विचारा, कुणीतरी भाषांतर करतं. माझा अनुभव असा की मराठीतला प्रश्न ऐकून मंचावरचा मराठी माणूस सावरून बसतो.

‘मराठी सिनेमाचं भवितव्य काय’ असं विचारलं की भाषण मिळतं. नेमकं विचारलं की माहिती मिळते. मी वापरलेले काही देते, तुम्ही आपल्या गावाप्रमाणे बदला. संकलकाला: पहिला कट किती लांब होता, आणि काढून टाकलेल्यातलं काय अजून टोचतं? ध्वनिसंयोजकाला: जिल्ह्याच्या गावातल्या थिएटरात आवाज कमी ठेवतात हे धरून तुम्ही संवाद वेगळे मिसळता का? सबटायटल करणाऱ्याला: शिवी आणि ओवी यांतलं जास्त अवघड काय? निवड समितीवरच्या माणसाला: पहिल्या किती मिनिटांत सिनेमा बंद करता, आणि बंद केल्याचा पश्चात्ताप कधी झालाय? हा शेवटचा प्रश्न विचारल्यावर मंचावरच्या बाई बराच वेळ गप्प राहिल्या, आणि मग त्यांनी जे सांगितलं त्यावर उरलेलं सत्र चाललं.

एकदा वितरकांच्या पॅनेलला मी विचारलं होतं: आमच्या गावात मराठी सिनेमाला सकाळी साडेदहाचा शो मिळतो, तो कोण ठरवतं, आणि कुठल्या वारी? खोलीत जरा हसू पिकलं, पण उत्तर नीट मिळालं. शुक्रवारचं वेळापत्रक आठवड्याच्या मध्यावर पक्कं होतं. ते थिएटरचा स्थानिक व्यवस्थापक एकटा ठरवत नाही, मल्टिप्लेक्स साखळीच्या, शो ठरवणाऱ्या प्रोग्रॅमिंग विभागाकडून ते येतं. पण स्थानिक व्यवस्थापकाचं म्हणणं त्यात धरलं जातं. आणि पुढच्या आठवड्याचे शो पहिल्या शुक्रवार-शनिवार-रविवारी किती खुर्च्या भरल्या त्यावर जातात. औषधाच्या दुकानातही असंच आहे. जे खपत नाही ते मागच्या फळीवर जातं, आणि मागच्या फळीवर गेलं की खपतच नाही. महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमा दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळेत दाखवायला सांगितलं, ते याच चक्राला खीळ बसावी म्हणून. तो नियम मला पेपरातून माहीत होता. तो कशावर उतारा होता हे त्या दिवशी कळलं.

सत्र संपल्यावर

टाळ्या झाल्या की मंचाकडं लोंढा जातो. ज्याच्याभोवती सगळ्यात कमी माणसं आहेत त्याच्याकडं जा. एक मिनिट बोला, आभार माना, बाजूला व्हा. भाच्याला काम मिळेल का, पुतण्याची शॉर्टफिल्म बघाल का, हे विचारू नका. सेल्फी मागायचाच असेल तर बोलणं झाल्यावर मागा, आधी मागितला की बोलणं होतच नाही. मी मागत नाही. त्या मिनिटात मी एकच विचारते: तुमच्या कामाविषयी समजून घ्यायला दुसऱ्या कुणाचा सिनेमा बघू? आजवर कुणीही नाही म्हटलेलं नाही, आणि अशा उत्तरांतून मला जे सिनेमे मिळाले ते कुठल्याच ‘सर्वोत्तम दहा’च्या यादीत नसतात.

शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाशीही बोला. चर्चेला नियमानं येणारे चेहरे दोन दिवसांत ओळखीचे होतात. केरळातल्या फिल्म सोसायटीचे निवृत्त शिक्षक, कोल्हापूरची चित्रकलेची विद्यार्थिनी, पणजीतलेच एक दंतवैद्य असा आमचा गट असाच जमला. पुढच्या वर्षी कुठलं सत्र चांगलं होणार हे कळायला असा गट छापील वेळापत्रकापेक्षा उपयोगी पडतो.

घरी आल्यावर दोन दिवसांच्या आत वही पुन्हा वाचा, अर्धवट वाक्यं पुरी करा. मग ते ज्ञान वापरा. साडेदहाच्या शोचं उत्तर मिळाल्यानंतर आम्ही सांगलीत तेच केलं. एक मराठी सिनेमा लागणार होता, त्याला शहरात एकच सकाळचा शो असेल असं दिसत होतं. आमच्या सिनेमागटातल्या चौघी मंगळवारी थिएटरच्या व्यवस्थापकांना जाऊन भेटलो. मागणी किंवा तक्रार घेऊन गेलो नाही. संध्याकाळचा शो मिळाला तर येणाऱ्यांची नावं आणि फोन नंबर असलेली यादी घेऊन गेलो. त्यांनी यादी ठेवून घेतली, वरती बोलतो म्हणाले. शनिवार-रविवारी संध्याकाळी सहाचा शो लागला. यादीतले बहुतेक आले, आणि दुसऱ्या आठवड्यात तो शो टिकला.

तुम्हाला करायचं असेल तर मंगळवारच गाठा, फार तर बुधवारची सकाळ. गुरुवारी जाऊन उपयोग नाही, तोवर बुकिंग खुलं झालेलं असतं. यादीत जेवढी माणसं लिहाल तेवढी खरंच आली पाहिजेत, नाहीतर पुढच्या वेळी ते व्यवस्थापक तुमचं ऐकणार नाहीत. आणि त्या सिनेमाच्या वितरकाचं नाव पोस्टरच्या तळाला बारीक अक्षरांत असतं. त्यांनाही त्याच दिवशी कळवा, कारण गावात शो मागणारी माणसं आहेत हे सांगणारा फोन त्यांना फारसा येत नाही.